फिल्टर कापून टाकू का?

प्रश्न : राहतो पर्वरीत, कापडाचं दुकान म्हापशात. सात-आठ किलोमीटरचा रस्ता, शुक्रवारी बाजारामुळे तोही रखडत. 2021 ची डिझेल गाडी. दर महिन्याला धुराच्या फिल्टरचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजवाला म्हणतो, फिल्टर कापून काढतो, कटकट मिटेल. काय करू?
— एक वाचक, पर्वरी

उत्तर : नका कापू. 2012 पर्यंत मी डिचोलीत खाणीच्या ट्रकांची इंजिनं खोलायचो. संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमाल काळा. खाणी बंद पडल्या त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवला, तेव्हा तो रुमाल आठवला. म्हणून फिल्टरच्या बाबतीत मी जरा पक्षपातीच आहे.

तुमचा फिल्टर म्हणजे सिरॅमिकचं पोळं. एक नळी पुढून बंद, शेजारची मागून. धुराला भिंतीतूनच झिरपावं लागतं आणि काजळी आत अडकते. ती साठली की गाडी जादा डिझेल सोडून फिल्टर 600 अंशांच्या आसपास तापवते नि काजळी जाळते. त्याला 15-20 मिनिटं लागतात. तुमचं दुकान त्याआधीच येतं. गाडी बंद केल्यावरही पंखा गरगरत राहिला, करपट वास आला, तर बहुधा जळण अर्धवट राहिलं. असं वारंवार झालं की ते जादा डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं.

दिवा पिवळा आहे तोवर रविवारी सकाळी कोलवाळचा पूल ओलांडून हायवेने हद्दीवरच्या पत्रादेवीपर्यंत जाऊन या. चौथा गिअर, इंजिनच्या फेऱ्यांचा (आरपीएम) काटा 2000 ते 2500 वर, वाटेत चहासाठी इंजिन बंद करायचं नाही. टाकी रिझर्व्हवर असेल तर बऱ्याच गाड्या हे जळण सुरूच करत नाहीत. नंतर सुक्या गवतावर गाडी लावू नका, खालचा पाइप भयंकर तापलेला असतो. दिवा लाल झाला किंवा गाडी ओढेनाशी झाली, तर मात्र पळवू नका. वर्कशॉपमध्ये मशीन लावून काजळी जाळून घ्या.

ऑइल कमी राखेचंच घाला. काजळी जळते, ऑइलची राख जळत नाही.

कापलात तर धूर कदाचित दिसणारही नाही, इतके बारीक असतात हे कण. पण मागच्या स्कूटरवरच्या पोराच्या छातीत ते जातातच. शिवाय तुमच्यासारख्या बीएस-6, म्हणजे नव्या प्रदूषण-नियमांच्या गाडीचा फिल्टर काढणं कायद्यात बसत नाही.

खरं सांगू? एवढ्याशा धावेला डिझेल घेतलंत तिथेच चुकलं. पुढची पेट्रोलची घ्या. आणि पत्रादेवीला निघण्याआधी ऑइलची पट्टी काढून बघा. पातळी वरच्या खुणेच्या वर गेली असेल तर आधी ऑइल बदला, मगच निघा.