हापूसवरचं औषध सरकार तपासतं का?

तुम्ही विचारलंय, 'मुलांना देवगड हापूस द्यायची भीती वाटते. त्यावर मारलेलं कीटकनाशक सरकार तपासतं, की सगळा रामभरोसे कारभार?'

तपासतं, पण कुठल्या पेटीबद्दल विचारताय त्यावर आहे. माझी देवगड तालुक्यात कातळावर दीडशेएक कलमं आहेत. फवारणी मीही करतो, त्यामुळे बागेकडून सांगतो.

दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं मोहोर संरक्षणाचं वेळापत्रक असतं. मोहोर फुटायच्या आधी तुडतुडा या किडीसाठी पहिली फवारणी, मग मोहोरावर, मग फळ धरताना. ते नीट पाळलं, तर शेवटची फवारणी आणि काढणी यांत पुरेसे दिवस मिळतात. घोळ होतो तो फुलकिड्यापायी. कैरी सुपारीएवढी असताना तो साल खरवडतो, तपकिरी खरबरीत डाग पडतो आणि पेटीचा दर कोसळतो. मग माणूस घाबरून दोन-तीन औषधं एकत्र कालवतो. त्यातलं एखादं आंब्यासाठी मंजूरही नसतं.

एका वर्षी मी बाग व्यापाऱ्याला कराराने दिली होती, म्हणजे फवारणी आणि काढणी त्याचीच. एप्रिलात सकाळी गेलो तर पानांवरून औषध ठिबकत होतं, आणि तिसऱ्या दिवशी त्याच कलमांखाली क्रेट लागले. गडग्याजवळ (बागेच्या दगडी कुंपणाजवळ) रिकामी बाटली पडली होती. लेबल सोललेलं, फक्त पिवळ्या त्रिकोणाचा तुकडा उरलेला. पिवळा म्हणजे लालच्या खालोखाल विषारी. फवारल्यावर किती दिवस थांबायचं, ते नेमकं त्या फाडलेल्या कागदावर असतं. करारवाला म्हणाला, "काका, वाशीच्या घाऊक बाजारात कोण विचारतोय?" खरंच कोणी विचारलं नाही.

आता कायदा. कुठलं औषध कुठल्या पिकावर चालेल, हे १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली ठरतं. खाण्याच्या वस्तूत औषधाचा किती अंश चालेल, ते एफएसएसएआय ही केंद्राची अन्न सुरक्षा संस्था ठरवते. ज्या औषधाची त्या पिकावर मर्यादाच ठरलेली नाही, त्याला सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे एक टन आंब्यात दहा मिलिग्रॅम. कागदावर कडक आहे. पण २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याचं कलम १८ वाचा: शेतकऱ्याच्या शेतावरच्या मालाला तो कायदा लागूच नाही. अन्न व औषध प्रशासनाचा अधिकारी नमुना घेणार तो व्यापाऱ्याकडून. अहवालाला मुदत चौदा दिवस. पिकलेला हापूस चौदा दिवस टिकतो का, तुम्हीच सांगा. केंद्राच्या कृषी खात्याची २००५-०६ पासून अंश तपासणीची योजना आहे, तीत बाजारातून नमुने घेतात. त्यातून देशभरातलं चित्र कळतं, तुमची पेटी अडत नाही.

परदेशी जाणाऱ्या पेटीची गोष्ट वेगळी. तिथे बागेची नोंदणी लागते, फवारणीची वही लागते, कारण समोरचा देश माल परत पाठवतो. (२०१४ साली युरोपने हापूस बंद केला तो मात्र फळमाशीमुळे. औषधाशी त्याचा संबंध नव्हता, तरी दर मे महिन्यात कोणीतरी ती बातमी मला पाठवतोच.)

तुमच्या हातात काय आहे? अन्न सुरक्षा कायद्याच्याच कलम ४० प्रमाणे गिऱ्हाईकही फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतं. खरेदी करतानाच विक्रेत्याला तसं सांगावं लागतं आणि माल नियमबाह्य निघाला तर फी परत मिळते. एका पेटीसाठी हा खटाटोप कोण करणार, पण सोसायटीत पन्नास पेट्या एकदम घेत असाल तर जरूर करा. निदान बागायतदाराला शेवटच्या फवारणीची तारीख विचारा. तो अडखळला तर समजा. घरी वाहत्या पाण्यात चोळून धुवा, साल काढून फोडी करा. झाडात भिनणारं औषध धुऊन जात नाही, वरवरचं बरंचसं जातं. आणि मुलांना चोखायला रायवळ, म्हणजे कोयीपासून वाढलेल्या झाडाचा गावठी आंबा, द्या. त्या उंच झाडांवर पंप घेऊन सहसा कोणी जातच नाही.

बाग मी अजूनही कधीकधी कराराने देतो. फक्त कागदात दोन ओळी वाढवल्यात: औषधाची बाटली लेबलासकट मला दाखवायची, आणि फवारणीची तारीख माझ्या वहीत लिहून सही करायची. पहिल्याच वर्षी दोघे व्यापारी एवढ्यावरूनच उठून गेले. तिसरा थांबला, पण पेटीमागे भाव कमी करून.