साठा नव्हे, दस्ता!

प्रश्न असा आहे: "लाकूड कोरून आपल्या मापाचा कस्टम रायफल स्टॉक घडवणाऱ्यांबद्दल लिहितोय. 'रायफलचा साठा' म्हणणं बरोबर का? की कुंदा? की दस्ता?"

इथे स्टॉक म्हणजे रायफलचा हातात धरायचा, खांद्याला टेकवायचा लाकडी भाग. त्याला साठा? अहो, साठा धान्याचा असतो, औषधांचा असतो. रायफलींचा साठा सापडला तर पोलीस पंचनामा करतात! इंग्रजी शब्द दिसला की कोशातला पहिला अर्थ उचलून चिकटवायचा, ही खोड आधी भाषांतरयंत्रांना होती, हल्ली माणसांनाही लागली आहे. (ही खोड स्त्रीलिंगी. पुढे येणारं खोड नपुंसकलिंगी आहे, गल्लत नको.)

दस्ता म्हणा. पण खरी गंमत आहे ती कुंद्यात. फारसीत कुंदा म्हणजे लाकडाचा ओंडका. इंग्रजी 'स्टॉक'चाही जुना अर्थ बुंधा, ओंडका असाच. कैद्याचे पाय अडकवायच्या लाकडालाही दोन्ही भाषांनी हाच शब्द वापरला आणि बंदुकीच्या लाकडालाही हाच. आता आपल्याकडे बघा: झाडाचं खोड, आणि त्यावरून कैद्याच्या पायातला खोडा. आजही आपण दुसऱ्याच्या कामात तोच घालतो! तीन भाषा एकाच वाटेने निघाल्या, फक्त मराठी बंदुकीपर्यंत पोचली नाही. पोचली असती तर आज शिकारी खोड खांद्याला लावून नेम धरत असते.

कुंदा आणि दस्ता हे समानार्थी शब्द, असं बिनदिक्कत सांगणारे भेटतात. त्यांनी एकदा हातात कानस धरावी. अक्रोडाचा वाळलेला ठोकळा समोर असतो तोवर तो कुंदा. मग नळी बसायची खाच कोरायची. लोखंडाला काजळी फासून ते खाचेत दाबायचं, लाकडावर जिथे काळं उमटेल तिथेच पटाशीने खरवडायचं, पुन्हा दाबायचं. असं कितीतरी वेळा. चापामागे लाकूड बारीक होतं, तिथे मूठ वळते. तिथले लाकडाचे रेशे सरळ लांबीत धावायला हवेत, आडवे गेले तर दस्ता नेमका तिथेच तुटतो. इंग्रज कारागीर या भागाला 'मनगट' म्हणतात. आणि दस्ता कशावरून? 'दस्त'वरून, म्हणजे हात! माझं म्हणणं एवढंच, की मूठ बसेपर्यंत कुंदा, मूठ बसली की दस्ता. कोशात हा भेद मिळणार नाही. न का मिळेना.

राहिले भाषाशुद्धीवाले. त्यांना दस्ता फारसी म्हणून नको असतो. मग 'हस्त' तरी कसा चालतो? संस्कृतात हस्त, अवेस्तात (म्हणजे पारशांच्या जुन्या धर्मग्रंथाच्या भाषेत) झस्त, जुन्या फारसीत दस्त: ही सख्खी भावंडं आहेत. संस्कृतातला 'ह' तिकडे 'झ' किंवा 'द' होतो. 'अहम्'चंही तसंच, अवेस्तात 'अझेम', जुन्या फारसीत 'अदम्'. दस्ता परका ठरवायचा तर 'मी'ही परकाच म्हणायचा. शिवाय दस्तऐवज, दस्तखत, जबरदस्त यांचं काय करणार? कागदाच्या चोवीस तावांचा दस्ता कुठे ठेवणार?

तर लिहा, 'हाताने घडवलेला लाकडी दस्ता'. यात हात दोनदा आला, पण काम पाहता तो दहादा आला तरी चालेल. 'कस्टम'साठी 'मापावर बेतलेला' लिहा. फक्त 'बेताचा दस्ता' लिहू नका. महिनाभर जवसाचं तेल चोळत बसलेला कारागीर तो दस्ता उलटा धरून मागे लागेल.