रेणू आणि ठोस पदार्थ यांच्या मधला प्रदेश: वाचकांचे प्रश्न

एखाद्या रेणूहून मोठ्या, पण हातात धरता येईल अशा तुकड्याहून फारच लहान, म्हणजे साधारणतः 1 नॅनोमीटर ते 1 मायक्रॉन एवढ्या आकाराच्या रचनांना मेसोस्कोपिक रचना म्हणतात. त्यांच्याविषयी नागपूरच्या वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न: सोन्याचे अतिसूक्ष्म कण लाल दिसतात आणि कमी तापमानाला वितळतात, असे वाचले. हे खरे असेल, तर आमच्या दुकानातली सोन्याची धूळ गाळताना इंधन का वाचत नाही? (इतवारीतील एक सराफ)

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, मात्र त्यांची कारणे वेगवेगळी आहेत. 10 ते 20 नॅनोमीटरच्या कणावर प्रकाश पडला की त्यातील मोकळे इलेक्ट्रॉन एकत्रितपणे हेलकावू लागतात आणि सुमारे 520 नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा प्रकाश शोषून घेतात. त्यामुळे असे कण विखुरलेले पाणी माणकासारखे लाल दिसते. मायकेल फॅरेडे यांनी 1857 मध्ये अशा द्रावणांचा पद्धतशीर अभ्यास केला होता. कण आणखी लहान होऊन 2 नॅनोमीटरच्या खाली गेला की हे सामूहिक हेलकावणेही संपते, आणि 25 अणूंचा समूह तर धातूऐवजी एखाद्या रेणूसारखा वागतो.

वितळण्याचा संबंध पृष्ठभागाशी आहे. सुमारे 2 नॅनोमीटरच्या कणातील जवळजवळ निम्मे अणू पृष्ठभागावर असतात, आणि पृष्ठभागावरील अणूला शेजारी कमी असल्याने तो सैल असतो. म्हणून 2-3 नॅनोमीटरचे कण 1064 अंश सेल्सिअसच्या कितीतरी, म्हणजे काही शे अंश, खाली वितळतात. ही घट व्यासाच्या व्यस्त प्रमाणात असते. आपल्या धुळीचा कण 10 मायक्रॉनचा धरला, तरी त्याच्या वितळणबिंदूत एका अंशाचाही फरक पडणार नाही. आपली धूळ मेसोस्कोपिक दृष्टीने पाहता डोंगराएवढी आहे.

प्रश्न: तारेची लांबी निम्मी केली की रोध निम्मा होतो. मग तार कमी करत नेली, तर रोध शून्य होईल का? (धरमपेठेतील बारावीची विद्यार्थिनी)

होणार नाही, आणि का होत नाही हे समजून घेण्यासारखे आहे. तांब्यातील इलेक्ट्रॉन सामान्य तापमानाला सरासरी 40 नॅनोमीटर अंतर विनाअडथळा जातो, मग अणूंच्या कंपनांमुळे त्याची दिशा बदलते. पाठ्यपुस्तकातील नियम अशा असंख्य टकरींची सरासरी सांगतो. तार या अंतराहून आखूड असेल, तर इलेक्ट्रॉन तिच्यातून सरळ पार होतो आणि सरासरी काढण्यासारखे काही उरतच नाही.

तरीही रोध उरतो, कारण रुंद धातूतून अरुंद वाटेत शिरताना इलेक्ट्रॉनच्या तरंगाला मोजक्याच मार्गिका मिळतात. प्रत्येक मार्गिकेचा रोध किमान सुमारे 12.9 किलोओहम असतो, मग पदार्थ कोणताही असो. मार्गिका दोन झाल्या की रोध निम्मा होतो. या विचाराचा पाया रॉल्फ लँडाउअर यांनी 1957 मध्ये घातला. 1988 मध्ये नेदरलँड्स आणि इंग्लंडमधील दोन गटांनी स्वतंत्रपणे, 1 केल्विनहूनही कमी तापमानाला, वाट रुंद करत नेताना वाहकता पायरीपायरीने वाढते हे दाखवले. या रोधामुळे निर्माण होणारी उष्णता मात्र त्या आखूड वाटेत नव्हे, तर दोन्ही बाजूंच्या रुंद धातूत प्रकट होते. परीक्षेत कोणी हे विचारणार नाही, पण मला हा या विषयातील सर्वांत सुंदर भाग वाटतो.

प्रश्न: मोबाइलमधील ‘3 नॅनोमीटर’ची चिप याच प्रदेशात येते का? (मिहानमधील एक संगणक अभियंता)

येते, परंतु त्या आकड्यामुळे नव्हे. ते तंत्राच्या पिढीचे नाव आहे. अशा चिपमध्ये शेजारच्या दोन गेटमधील (प्रवाह चालू-बंद करणाऱ्या भागांमधील) अंतर सुमारे 45 ते 50 नॅनोमीटर असते. खरी अडचण जोडतारांची आहे. त्यांची रुंदी वर सांगितलेल्या 40 नॅनोमीटरच्या खाली गेल्याने इलेक्ट्रॉन भिंतींवरच आदळत राहतात आणि तांब्याची रोधकता वाढते.

प्रश्न: अणूंना क्वांटमचे नियम आणि चेंडूला न्यूटनचे, असे आम्ही वर्षानुवर्षे शिकवले. सीमा नेमकी कोठे आहे? (मानेवाड्यातील निवृत्त शिक्षक)

आकारावर बोट ठेवून ती दाखवता येत नाही. 1985 मध्ये रिचर्ड वेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1 मायक्रॉनहून कमी व्यासाचे सोन्याचे कडे अतिथंड करून त्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलत नेले, तेव्हा क्षेत्रातील ठरावीक बदलागणिक कड्याचा रोध कमीजास्त होत राहिला. कड्याच्या दोन बाजूंनी गेलेले तरंग एकमेकांत मिसळत असल्याची ही खूण होती. त्या कड्यात कोट्यवधी अणू होते, अशुद्धीही होती. स्थिर अशुद्धीवर आपटल्याने तरंगाची कला (फेज, म्हणजे त्याच्या चढउताराची लय) पुसली जात नाही; ती पुसतात अणूंची कंपने आणि इतर इलेक्ट्रॉन, आणि थंडीत त्यांचा उपद्रव कमी होतो. त्यामुळे सीमा तापमानाबरोबर सरकते. 2025 चे भौतिकशास्त्राचे नोबेल जॉन क्लार्क, मिशेल डेव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांना मिळाले, ते हातात धरता येईल एवढ्या विद्युत मंडलात क्वांटम वर्तन दाखवल्याबद्दल.

प्रश्न: मग आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, नागपूरच्या मे महिन्यात, यातले काहीच पाहता येणार नाही? (पदव्युत्तर विद्यार्थी)

येईल. थंडी लागते की नाही, हे ऊर्जापातळ्यांमधील अंतरावर अवलंबून असते. 45 अंशांना उष्णतेची ऊर्जा सुमारे 27 मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट असते आणि डिसेंबरातील 10 अंशांना सुमारे 24. हा फरक नगण्य आहे. 1988 च्या प्रयोगांतील अर्धवाहकात इलेक्ट्रॉनची तरंगलांबी काही दशक नॅनोमीटर असल्याने पातळ्या अगदी जवळ होत्या. सोन्यात ती अर्ध्या नॅनोमीटरच्या आसपास असते, त्यामुळे काही अणूंच्या जाडीच्या सोन्याच्या वाटेत पातळ्यांतील अंतर इलेक्ट्रॉनव्होल्टच्या श्रेणीत जाते आणि उन्हाळा आड येत नाही.

सोन्याच्या दोन बारीक तारा एकमेकींना हलकेच टेकवून दूर करा. तुटण्यापूर्वी त्यांच्यात क्षणभर अणूंचा पूल तयार होतो. तारांशी एकसरीत 1 किलोओहमचा रोध आणि 50 मिलिव्होल्टच्या आसपासचा दाब जोडून त्या रोधावरील दाब साठवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर पाहिला, तर प्रवाह पायऱ्या घेत उतरताना दिसतो. पायऱ्या मायक्रोसेकंदांत संपतात, म्हणून ट्रिगर काळजीपूर्वक लावावा लागेल. एकाच तुटण्याच्या आलेखावर विश्वास ठेवू नका. प्रत्येक पूल वेगळा असतो. शेकडो तुटण्यांची वाहकता एकत्र मांडा, म्हणजे कोणते मूल्य किती वेळा आले याचा आलेख काढा, आणि त्यात 12.9 किलोओहमशी जुळणारे शिखर येते का ते तपासा. एकसरीतील रोध वजा करायला विसरलात, तर शिखर सरकलेले दिसेल.