जुनी कॅम्पर व्हॅन, लांबचा प्रवास : हत्यारं किती आणि कोणती?

प्रश्न : आमची पेट्रोलवरची कॅम्पर व्हॅन पस्तीस वर्षं जुनी आहे, कार्बोरेटरवाली. दोन महिन्यांच्या प्रवासाला निघायचंय. मी १०८ नगांचा टूल सेट घेतलाय, शिवाय घरची जुनी हत्यारं आहेतच, सगळं मिळून पेटी एकट्याने उचलत नाही. बायकोचं म्हणणं यातलं निम्मं घरी ठेवा. नक्की काय न्यावं?

उत्तर : वहिनींचं बरोबर आहे, पण निम्मं म्हणजे कोणतं निम्मं हे पेटीकडे बघून कळणार नाही, गाडीवर काम करूनच कळेल. निघायला अजून वेळ असेल तर एक करा, ऑईल बदलणं, प्लग काढून साफ करणं, फॅन बेल्ट ताणणं, चाक काढून परत बसवणं, ही कामं घरीच स्वतः करा आणि फक्त सोबत न्यायच्या हत्यारांनीच करा. काम अडलं आणि घरातून दुसरा पाना आणावा लागला की तो पाना पेटीत गेला, आणि जे एकदाही हातात आलं नाही ते बहुतेक घरीच राहू द्या.

चाकाचं तर नक्की करून बघा. एकदा आमचं टायर पंक्चर झालं, स्टेपनी होती, जॅक होता, पाना पण होता, पण गॅरेजवाल्याने नट हवेच्या गनने इतके आवळले होते की त्या आखूड पान्यावर मी उभा राहिलो तरी हलेनात, शेवटी एका ट्रकवाल्या दादांनी लांब पाईप लावून सोडवले. तेव्हापासून लांब दांड्याचा पाना कायम गाडीत असतो, आणि दुसऱ्याने चाक बसवलं की नट मी सगळे सैल करून परत हाताने आवळतो, मग ५०-१०० किमी चालल्यावर परत एकदा बघतो.

पान्यांचे नंबर गाडीवरूनच ठरवा. युरोपियन गाडीत बहुतेक १०, १३, १७, १९ (मिलिमीटर) लागतात, जपानीत १०, १२, १४, १७, जुन्या ब्रिटिश गाडीत इंची माप. तुमच्या सेटमधले गाडीला न लागणाऱ्या मापाचे सॉकेट काढले की पेटी बरीच हलकी होईल. नेहमी लागणाऱ्या नंबरचे मात्र दोन-दोन पाने घ्या, कारण बोल्ट एकीकडून धरल्याशिवाय दुसरीकडचा नट सुटत नाही आणि हे नेमकं रस्त्यात लक्षात येतं. पक्कड, नाक पक्कड, व्हाईस ग्रिप (पकडून लॉक होणारी पक्कड), दोन-तीन स्क्रू ड्रायव्हर, प्लग पाना, हातोडी हे आहेच.

आणि मल्टीमीटर! जुन्या गाडीत बंद पडण्याचं कारण खूपदा वायरिंगमध्ये असतं, गंजलेलं टर्मिनल, ढिली अर्थिंगची (बॉडीला जोडलेली) वायर, आणि माणूस उगाच कार्बोरेटर खोलत बसतो. साधा स्वस्तातला मीटर चालेल. गाडी काही तास बंद असताना चांगली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ च्या आसपास यायला हवं. चालू गाडीतही १२ च्या घरातच असेल तर बॅटरी चार्ज होत नाहीये, बेल्ट आणि अल्टरनेटर बघा. सोबत पॉलिश पेपर, टेप, थोडी वायर आणि फ्यूज ठेवा. उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज कधीही घालू नका, वायर जळते, आणि कॅम्परमध्ये त्या वायरच्या शेजारीच लाकूड, फोम, पडदे असतात.

हत्यारांइतकीच जागा स्पेअरला द्या. फॅन बेल्ट, रेडिएटरचे होज, क्लिपा, पेट्रोल पाईपचा तुकडा, प्लग, आणि पॉइंटवालं इग्निशन (प्लगला ठिणगी देणारी जुनी, इलेक्ट्रॉनिक नसलेली यंत्रणा) असेल तर पॉइंट, कंडेन्सर आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या). पेट्रोलचा रबरी पाईप मूळचाच असेल तर निघण्याआधीच बदला, इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं रबर खराब होतं आणि गरम इंजिनवर पेट्रोल गळणं म्हणजे आग. अग्निशामक सिलिंडर दाराजवळ हवा, बेडखाली नको. फॅन बेल्टकडेही दुर्लक्ष नको, काही एअर-कूल्ड (पाण्याऐवजी हवेने थंड होणाऱ्या) इंजिनात थंड करणारा पंखाच त्या बेल्टवर फिरतो, बेल्ट तुटून चार्जिंगचा लाल दिवा लागला तर "पुढच्या गावापर्यंत जाऊ" म्हणू नका, तिथेच थांबा.

प्रश्न : गाडीसोबत आलेला जॅक पुरेल ना?

उत्तर : रिकामी गाडी उचलणारा जॅक भरलेली कॅम्पर उचलेलच असं नाही. पाण्याची ६० लिटरची टाकी भरली की ६० किलो तिथेच वाढले, वर बिछाने, भांडी. म्हणून पूर्ण सामान भरून एकदा उचलून बघा, आणि जॅक लावायची जागा आधी ठोकून बघा, जुन्या गाडीत तिथला पत्रा बऱ्याचदा आतून गंजलेला असतो आणि जॅक आत घुसतो. मऊ जमिनीसाठी जाड फळी, चाकामागे लावायला दोन लाकडी ठोकळे ठेवा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कितीही छोटं काम असलं तरी शिरू नका. आणि जॅक, पाना, फळी अशा जागी ठेवा की रात्री पावसात बेड न उचलता, मुलांना न उठवता हाताला लागेल.