क्वांटासचे सिडनी–लंडन तिकीट घेतले, तर विमान एमिरेट्सचे का दिसते?

तिकिटात चूक झालेली नाही. क्वांटास या ऑस्ट्रेलियाच्या विमान कंपनीने विकलेल्या तिकिटावर दुबईमार्गे जाणारे, दुबईच्याच एमिरेट्स कंपनीचे विमान दिसते, कारण या दोन कंपन्यांत २०१३ पासून कोडशेअर करार आहे, म्हणजे विमान आणि कर्मचारी एका कंपनीचे व उड्डाण क्रमांक मात्र दोघींचे. त्याच वर्षी क्वांटासने लंडनला जाणाऱ्या स्वतःच्या विमानांचा थांबा सिंगापूरहून दुबईला हलवला होता; मार्च २०१८ मध्ये सिडनीच्या विमानाचा थांबा पुन्हा सिंगापूरला आला आणि त्याच महिन्यात पर्थ–लंडन हे सुमारे १७ तासांचे थेट उड्डाण सुरू झाले, तरी एमिरेट्सबरोबरचा करार कायम राहिला. खूण सोपी आहे: उड्डाण क्रमांकात ‘क्यूएफ’ या क्वांटासच्या अक्षरांपुढे ८ ने सुरू होणारा चार आकडी क्रमांक असेल, तर विमान बहुधा एमिरेट्सचे, ‘क्यूएफ १’ क्वांटासचे स्वतःचे. विमानतळावर चेक-इन करायचे ते विमान प्रत्यक्ष चालवणाऱ्या कंपनीच्या काउंटरवर. घाईत लोक नेमके इथेच चुकतात. सामानाची मर्यादा मात्र अंदाजाने ठरवू नये, तिकिटावर छापलेलीच धरावी, आणि तारीख बदलायची झाल्यास जिथून तिकीट घेतले तिथेच विचारावे.