काळ्या मातीवरच्या एव्हिअरीत बटेर सोडायचे आहेत, तळ कसा करावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लातूरजवळ घरामागं काळ्या मातीवर 10 बाय 6 फुटांची एव्हिअरी, म्हणजे पक्ष्यांचं जाळीचं घर आहे, वर फिंच (चिमणीएवढे पिंजऱ्यातले पक्षी) आणि बजी (छोटे पोपट) आहेत, खाली सहा जपानी बटेर सोडायचे आहेत. तर खाली माती ठेवावी, वाळू टाकावी, फरशी बसवावी की कोबा करावा?

कोबा करा, पण बटेरांचा पाय त्याला लागू देऊ नका. खालचा तळ घुशीसाठी आणि पावसासाठी असतो, बटेरासाठी वरचा. मी परभणी जिल्ह्यातला, सात वर्षं झाली बटेर पाळून, आणि हे एवढं कळायला मला तळ तीनदा बदलावा लागला.

पहिल्या वर्षी मी मातीच ठेवली होती. रानातला पक्षी, त्याला मातीच बरी, असा विचार. उन्हाळाभर छान चाललं. भेगा पडल्या त्यात पक्षी चोची घालायचे, धुळीत लोळायचे. मृगाचा पाऊस झाला आणि आठवड्यात सगळ्यांची चाल बदलली. पायात घुंगरं बांधल्यासारखे पाय उचलून टाकायला लागले. एक मादी हातात घेऊन बघितली तर प्रत्येक बोटाच्या टोकाला ज्वारीच्या दाण्यापेक्षा मोठी, दगडासारखी गोळी. माती आणि विष्ठा एकत्र वाळलेली. मी नखानं ओढली तर गोळीबरोबर तिचं नखच निघून आलं. ते करू नका. वाटीत कोमट पाणी घ्या, पाय पाच-दहा मिनिटं बुडवून धरा, गोळी भिजून आपोआप सुटते. मग पाय कोरडा करूनच सोडा. ह्या गोळ्या तशाच राहिल्या तर बोटाचं रक्त अडतं आणि बोट झडतं.

दुसऱ्या वर्षी शहाबादी फरशी टाकली. धुवायला सोपी खरी, पण गुळगुळीत. मोठे बटेर निभावून नेतात, पिल्लं नाही. सात-आठ ग्रॅमचं पिल्लू, त्याला पकड मिळाली नाही की दोन्ही पाय बाजूला फाकतात आणि तसेच राहतात. माझी दोन गेली त्यात. गुळगुळीत वर्तमानपत्रावरही हेच होतं. पहिला आठवडा खाली खरखरीत कापड किंवा नालीदार पुठ्ठा पाहिजे.

आणि फरशीच्या सांध्यातून घूस वर आली, ते वेगळंच.

आता आहे तो तळ असा. दीड फूट काळी माती उकरून बाहेर काढली. ती काढायलाच पाहिजे, कारण ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि थेट तिच्यावर केलेला पातळ कोबा वर्षा-दोन वर्षांत तडकतो. तडा म्हणजे घुशीला आमंत्रण. खड्ड्यात मुरूम भरला, पाणी मारून धुम्मसानं ठोकला, त्यावर खडी, त्यावर तीन इंच कोबा. चार फुटांना एक इंच उतार. कडेनं एका विटेचं जोतं फूटभर वर आणलं, म्हणजे भुसा बाहेर उडत नाही आणि मांजर जाळीशी येऊन बसलं तरी खालच्या पक्ष्यांना दिसत नाही. पाणी जायच्या भोकाला अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी लावा. षटकोनी कोंबडी-जाळी तिथं चालत नाही, घूस ती कुरतडते.

वरचा तळ दोन भागांत करा. छताखालच्या भागात तीन इंच रंध्याचा भुसा, म्हणजे सुताराकडं रंधा मारताना निघतात त्या पातळ साली. प्लायवूडचा नको, करवतीचा बारीकही नको, पिल्लं तो दाणा समजून खातात. आमच्याकडं लोक सोयाबीनची गुळी, म्हणजे मळणीनंतर उरतं ते भुसकट, सुचवतात, फुकट मिळते म्हणून. मीही वापरली. श्रावणात तिला बुरशी धरते, आणि ती धूळ पक्ष्याच्या छातीत जाते. भुईमुगाच्या टरफलांचंही तेच. पैसे वाचवायचे तर दुसरीकडं वाचवा.

दुसऱ्या भागात, पाऊस येणार नाही अशा कोपऱ्यात, दोन बाय तीन फुटांच्या चौकटीत चाळलेली कोरडी वाळू, थोडी चुलीची राख मिसळून. बटेर पाण्यानं अंघोळ करत नाही, धुळीनं करतो. एक जण वाळूत आडवा पडून पंख फडफडवायला लागला की बाकीचे रांग न लावता त्याच्यावरच येऊन पडतात. वाळू ओली झाली की राखेसकट काढून टाका, ओली राख कातडीला भाजते. मे महिन्यात दुपारी ही वाळू तव्यासारखी तापते, म्हणून वर ग्रीन नेट पाहिजेच.

लपायला एका भिंतीला तुराट्यांची पेंढी तिरकी टेकवा. माद्या तिच्या मागं अंडी घालतात. अंडं दहा-बारा ग्रॅमचं आणि ठिपक्याठिपक्यांचं, भुशात समोर असून दिसत नाही. मी आधी हात फिरवून बघतो, मगच पाय ठेवतो.

भुसा ओला आहे की नाही, हे मुठीत दाबून बघायचं. मूठ उघडल्यावर मोकळा झाला तर ठीक, लाडू राहिला तर त्या जागचा काढून नवा टाका. पावसाळ्यात दिवसाआड खुरप्यानं खालवर करा. आणि कधीतरी गुडघ्यावर बसून तोंड जमिनीजवळ नेऊन वास घ्या. आपण उभ्यानं वास घेतो, बटेराचं नाक जमिनीपासून चार बोटांवर असतं. डोळे चुरचुरले तर उशीर झालाय.

तुमच्याकडं वर फिंच आहेत, म्हणून एक: बटेरांचं दाणा-पाणी आणि वाळूची चौकट, तिन्ही फिंचच्या बसायच्या काड्यांखाली नकोत. वरून विष्ठा आणि राळं दोन्ही पडतं. राळं खाऊन बटेर पोट भरतो आणि अंडी बंद करतो, त्याला वीस टक्क्यांच्या वर प्रथिनं असलेलं खाद्य लागतं. सहांत नर एकच ठेवा. छताखाली मऊ नायलॉन जाळी ताणा, बटेर दचकला की सरळ वर उसळतो आणि पत्र्यावर डोकं फोडून घेतो.

पक्षी हॅचरीतूनच घ्या. शिवारात फासे लावून धरलेले कुणी आणून दिले तरी नको म्हणा, रानबटेर 1972 च्या वन्यजीव कायद्यात संरक्षित आहेत.

काम मृगाच्या आधी उरका, कोब्याला आठ दिवस पाणी मारा. आणि उतार दाराकडं काढायला गवंड्याला उभं राहून सांगा. माझ्या गवंड्यानं तो मागच्या भिंतीकडं काढला, मी घरी नव्हतो. तेव्हापासून दर पावसाळ्यात मी त्या कोपऱ्यात बारदाना घेऊन पाणी टिपत बसतो.