नको म्हटले तर खरेच वाढत नाहीत

या वेळच्या टपालात एकाच विषयावरची चार पत्रे आहेत. दहावीनंतर विद्यार्थी-विनिमयातून वर्षभरासाठी जर्मनीला निघालेली मुले आणि त्यांच्या घरची माणसे यांनी ती लिहिली आहेत. ऑगस्टमध्ये निघायचे असल्याने सध्या या घरांमध्ये व्हिसाची कागदपत्रे आणि उघड्या बॅगा यांचा पसारा पडलेला असणार. मुलांना तिकडे पाठवणे आणि तिकडून आलेल्यांना घरी ठेवून घेणे या कामात मी बरीच वर्षे आहे, त्यामुळे पहिले उत्तर जरा लांबले आहे. बाकीची त्याच्याच आधाराने वाचावीत.

प्रश्न : ताई, मी सोळा वर्षांची आहे. रोटरीच्या यूथ एक्स्चेंजमधून अकरा महिन्यांसाठी हॅनोव्हरजवळच्या एका लहान गावात जाणार आहे. जर्मन भाषेची ए-१ ही पहिल्या पातळीची परीक्षा झाली आहे. आम्ही शाकाहारी आहोत, मी अंडे मात्र खाते. जो तो काय न्यायचे याची यादी देतो, पण मला काळजी वेगळीच आहे. परक्या घरात वागायचे कसे? मी स्वभावाने बुजरी आहे. – स., सांगली

उत्तर : तुझी काळजी योग्य ठिकाणी आहे. सामानातले काही राहिले तर ते तिथे विकत मिळते. मुलांचे अडते ते बोलण्यापाशी. आपल्याकडे पाहुण्याने आधी ‘नको’ म्हणायचे, वाढणाऱ्याने ‘अगं, घे गं अर्धी’ म्हणायचे आणि तिसऱ्या आग्रहाला पोळी ताटात पडायची, अशी रीत आहे. त्यामुळे पहिले ‘नको’ आपण कोणीच खरे मानत नाही. जर्मन घरात ते खरे मानतात. उकडलेल्या बटाट्यांचे भांडे तुझ्यापर्यंत आले आणि तू संकोचाने नको म्हणालीस, तर ते सरळ शेजारच्याकडे जाईल आणि पुन्हा तुला कोणी विचारणार नाही. त्यात तुटकपणा नसतो. तुला भूक नाही असे त्यांनी प्रामाणिकपणे धरलेले असते आणि त्यावर आग्रह करणे म्हणजे तुझ्या शब्दावर अविश्वास दाखवणे, असे त्यांना वाटते. पहिले काही दिवस अर्धपोटी झोपल्याचे परत आलेल्या कितीतरी मुलींनी मला सांगितले आहे, आणि यजमानांना त्याचा पत्ताही नव्हता. तेव्हा निघेपर्यंत घरच्या घरीच सवय कर. हवे ते माग, नको ते एकदाच नको म्हण, आणि आईलाही सांगून ठेव की तुझ्या ‘नको’नंतर तिने वाढायचे नाही.

शाकाहाराचेही तसेच आहे. ‘मी शाकाहारी आहे’ एवढ्याने काम भागत नाही, कारण मग मासे चालतील का, असा प्रश्न येतो, आणि भाज्यांचे म्हणून समोर आलेले सूप मांसाच्या रश्श्यात शिजवलेले असू शकते. यजमान कुटुंबाचा पत्ता कळला की लगेच एक पत्र लिही : अंडी, दूध, चीज चालते, मांस, मासे आणि मांसाचा रस्सा चालत नाही, जिलेटिन (जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेला पदार्थ) घातलेल्या गोड गोळ्या खात नाही. हे आधी कळलेले त्यांना आवडते, ऐन जेवणाच्या टेबलावर कळले तर अवघडल्यासारखे होते. बऱ्याच घरांत रात्रीचे जेवण गार असते : पाव, लोणी, चीज, काकडी-टोमॅटो आणि त्यांच्यासाठी सॉसेजचे काप. पहिल्या आठवड्यात याला जेवण म्हणायला आपली मुले तयार नसतात. तुला दोन पदार्थ स्वतःच्या हाताने करता यायला हवेत, तेही आईने शेजारी उभे न राहता. मसुरीची डाळ आणि तांदूळ तिथल्या कोणत्याही मोठ्या दुकानात मिळतात, त्यामुळे आमटी-भात आणि बटाट्याची भाजी एवढे येत असेल तर आठवड्यातून एकदा सगळ्या घराला तू जेवू घालशील. बुजऱ्या मुलीला घरात जागा मिळवायला याच्याइतका सोपा मार्ग मला माहीत नाही.

आता न्हाणीघर. यावर कोणी बोलत नाही आणि पहिली कुरबूर हमखास इथेच होते. तिथल्या बहुतेक न्हाणीघरांत शॉवरची जागा सोडली तर फरशीवरचे पाणी वाहून जायला जाळी नसते. बादली-तांब्या घेऊन आपल्या पद्धतीने आंघोळ केली तर पाणी दाराखालून पुढच्या खोलीत जाते. शॉवरचा पडदा आत घ्यायचा, अंग तिथेच पुसायचे, फरशी कोरडी ठेवायची आणि बाहेर येताना खिडकी उघडायची. खिडक्या ते कडाक्याच्या थंडीतही रोज काही मिनिटे सताड उघडतात, कारण बंद घरात ओल धरून भिंतींना बुरशी येते. ‘तुझ्या खोलीची खिडकी उघडत जा’ असे कोणी म्हणाले, तर तुझ्या खोलीला वास येतो असा अर्थ काढून रडत बसू नकोस. तसे खरेच वाटले, तर ते तेही स्पष्टच सांगतील.

यजमान आई-वडिलांना नावाने हाक मारायला सांगतील. आईच्या वयाच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारताना तुझी जीभ अडखळेल, म्हणून काही मुली महिनोन् महिने हाकच मारत नाहीत, नुसत्या समोर जाऊन उभ्या राहतात. त्यापेक्षा पहिल्याच दिवशी विचार की तुम्हाला काय म्हणू, आणि ते सांगतील तेच म्हण.

शाळेत मात्र बुजरेपणाची किंमत मोजावी लागते. बऱ्याच विषयांत वर्गातल्या तोंडी सहभागाला मोठे वजन असते. विचारल्यावरच बोलणारी मुलगी आपल्याकडे शहाणी ठरते, तिथे तिला विषयात रस नाही असे समजतात. पहिल्या महिन्यात तासाला एक वाक्य, चुकीच्या जर्मनमध्ये का असेना, हात वर करून बोलायचे असे ठरवून टाक. गुणांची श्रेणीही आपल्या उलट आहे. १ सर्वांत चांगला आणि ६ सर्वांत वाईट, म्हणून प्रगतिपुस्तकात ५ दिसल्यास घरी आनंदाने कळवू नकोस. भाषेत एक गोष्ट तुझ्या बाजूची आहे : नामांना तीन लिंगे असतात हे मराठी मुलीला नवीन नसते. कोणत्या नामाला कोणते, हे मात्र तिथेही पाठच करावे लागते.

प्रश्न : माझी मुलगीही याच कार्यक्रमातून जात आहे. तिला पुढे अभियांत्रिकीला जायचे आहे आणि नातेवाईक म्हणतात की वर्ष वाया घालवता आहात. शिवाय तिला रोज रात्री व्हिडिओ कॉल करायचा असे आम्ही ठरवले आहे, ते योग्य आहे का? – एक आई, नाशिक

उत्तर : वर्ष मागे पडते, हे खरे आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. विनिमयाच्या वर्षाने अकरावी उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र मिळत नाही. परत आल्यावर तिला अकरावीलाच प्रवेश घ्यावा लागेल आणि तोपर्यंत तिच्या मैत्रिणी बारावीत गेलेल्या असतील. हे तिला बोचेल, म्हणून ते आजच मोकळेपणाने बोलून घ्या. प्रवेश परीक्षांचे म्हणाल, तर जेईई मेनची पात्रता बारावी उत्तीर्ण होण्याच्या वर्षावरून मोजली जाते, त्यामुळे दहावी आणि अकरावी यांच्यामधल्या या वर्षामुळे तिची एकही संधी कमी होत नाही. याच कारणाने दहावीनंतरचे वर्ष मला सर्वांत सोयीचे वाटते. अकरावी मध्यावर सोडून जाणाऱ्यांचे हाल मी पाहिले आहेत. ती परतेल तेव्हा इथे अकरावीच्या प्रवेशाची धावपळ चालू असेल, आणि कदाचित तिच्या गैरहजेरीत तुम्हालाच ती करावी लागेल. दहावीची मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि लागू असल्यास जातीचे व नॉन-क्रीमीलेअरचे दाखले हे सगळे इथे घरीच ठेवा, तिच्याबरोबर फक्त प्रती द्या. तिच्या सहीचे जे काही असेल ते निघण्यापूर्वी उरकून घ्या. पासपोर्ट अजून काढायचा असेल, तर १५ ते १८ वयोगटातल्या मुलांना पूर्ण शुल्क भरून १० वर्षांचा पासपोर्ट मागता येतो, हेही ध्यानात असू द्या.

रोजच्या कॉलला मात्र माझा विरोध आहे. हिवाळ्यात जर्मनीचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, उन्हाळ्यात साडेतीन. तुमची रात्रीची नवाची वेळ म्हणजे तिची हिवाळ्यातली दुपारी साडेचारची, नेमकी शाळा आटोपून यजमानांची मुले बाहेर निघण्याची वेळ. रोज त्या वेळी ती खोलीचे दार लावून तुमच्याशी मराठीत बोलत बसली, तर घरातले हळूहळू तिला बोलवायचे सोडून देतील. आठवड्यातून एकदा, रविवारी, तासभर बोला. रविवारी तिथली दुकाने बंद असतात आणि माणसे निवांत असतात. अधूनमधून दोन ओळींचा निरोप येऊ द्या, पण तिच्या ‘आज खूप वाईट वाटतंय’ या निरोपावर रात्री दोन वाजता यजमानांना फोन लावू नका. घराची आठवण पहिल्या आठवड्यापेक्षा नवलाई ओसरल्यावर जास्त येते. दिवाळीच्या सुमारास, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, तिथली घड्याळे एक तास मागे जातात आणि संध्याकाळ एकदम जवळ येते. डिसेंबरात उत्तर जर्मनीत चार-सव्वाचारलाच सूर्य मावळतो. या काळात ती रडेल असे धरूनच चाला. त्या दिवसांत फोनवर घरच्या फराळाचे वर्णन करण्यापेक्षा, तिने तिथे कोणाला चिवडा करून घातला का, ते विचारा.

प्रश्न : अनोळखी घरात मुलीला ठेवायचे, यातील सुरक्षिततेची हमी कोण देते? तिथे लहान वयात दारू पितात असेही ऐकतो. – एक वडील, लातूर

उत्तर : हमी कोणीच देऊ शकत नाही, पण व्यवस्था कोणती आहे ते तपासता येते आणि ते विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. रोटरीच्या नियमांप्रमाणे यजमान कुटुंबाच्या मुलाखती आणि घरभेटी होतात, पार्श्वभूमी तपासली जाते, आणि मुलीला एक स्थानिक समुपदेशक नेमून दिला जातो, जो यजमान कुटुंबातला नसतो. वर्षभरात घरे सहसा एकाहून अधिक असतात, त्यामुळे एक घर जुळले नाही तरी सगळे वर्ष बिघडत नाही. समुपदेशकाचे नाव, फोन आणि तो नसेल तेव्हा कोणाशी बोलायचे, हे निघण्यापूर्वी लेखी मागून घ्या. आणीबाणीसाठी ११२, पोलिसांसाठी ११० आणि मुलांना नाव न सांगता मोफत बोलता येईल असा ११६१११, हे तीन क्रमांक तिला पाठ असावेत. यापेक्षा मोठी तयारी घरात करायची आहे. ‘मला त्या माणसाजवळ बसायला अवघड वाटते’ हे वाक्य तिने तुमच्यासमोर उच्चारले, तर तुम्ही ‘असं बोलू नये’ म्हणणार की ऐकून घेणार, हे तिला आज ठाऊक असले पाहिजे. इथे जे बोलता येत नाही ते परक्या भाषेत अचानक बोलता येणार नाही.

दारूविषयी तुम्ही ऐकले ते चूक नाही. जर्मनीत बिअर आणि वाइन सोळाव्या वर्षी कायद्याने विकत घेता येते, म्हणजे तिच्या वर्गातली मुले वाढदिवसाला बिअर घेताना तिला दिसतील. विनिमयात मात्र दारू, अमली पदार्थ, वाहन चालवणे आणि प्रेमप्रकरण ही चार वर्ज्ये सांगितली जातात, आणि मोडल्यास परत पाठवले जाऊ शकते. तिला धाक घालण्याऐवजी नियमच सांगायला शिकवा. ‘आमच्या कार्यक्रमात चालत नाही’ एवढे एकदा म्हटले की तिथली मुले पुन्हा विचारत नाहीत. आग्रह न करण्याची त्यांची सवय इथे आपल्या कामी येते.

प्रश्न : नातवाबरोबर तूप, पेढे, सुके खोबरे, कढीपत्ता आणि आमसुले पाठवायची आहेत. माझा पुतण्या म्युनिकला असतो, तो म्हणतो की प्रत्येक सुट्टीत मुलाला माझ्याकडे पाठवा. – एक आजोबा, रत्नागिरी

उत्तर : आजोबा, आमसुले जरूर पाठवा. बाकी यादीला कात्री लावावी लागेल. भारतातून युरोपीय संघात जाणाऱ्या प्रवाशांना दूध आणि दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे, त्यामुळे तूप आणि पेढे विमानतळावरच काढून घेतले जाण्याची शक्यता असते. कढीपत्त्याची ताजी पानेही रोपांच्या नियमांत अडकतात. खोबऱ्याच्या सुक्या वाट्या तर विमानातच घेत नाहीत, कारण त्यातल्या तेलामुळे त्या पेट घेऊ शकतात असे मानले जाते. गोडा मसाला, हिंग आणि मेतकूट बंद पाकिटांत, वर इंग्रजीत नाव लिहून, मोठ्या बॅगेत द्या. लोणचे दिलेत तर तेही मोठ्या बॅगेतच, दुहेरी पिशवीत. रोजची औषधे असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या मूळ (जेनेरिक) नावासह हातातल्या बॅगेत असावी.

पुतण्याची माया समजते, पण पहिले तीन महिने तरी त्यांनी नातवाला बोलावू नये. मराठी घर आणि वरण-भात एका रेल्वे प्रवासाच्या अंतरावर आहे हे मनात असले, की यजमानांच्या घरात रुळण्याची खटपट मुले अर्ध्यावर सोडतात. शिवाय गावाबाहेर मुक्कामाला जायचे तर तिथल्या यजमान रोटरी क्लबची आणि पालकांची आधी परवानगी लागते. नाताळ यजमानांच्याच घरी होऊ द्या, तो त्यांचा घरचा सण आहे. म्युनिकची भेट ईस्टरच्या सुट्टीत ठेवता येईल, आणि परवानगीचे पत्र पुतण्याने महिनाभर आधी लिहावे.